साडेपाच फुटांची गादी

अक्षर वाईट आहे त्याबद्दल माफी. दाभण धरून धरून बोटं वाकडी झालीत, त्यात पेन नीट बसत नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही, आणि शाळा चौथीलाच सुटली. ही वही थोरल्या मुलीची, मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर शुद्धलेखनाला हसू नये. लिहिण्यात चुका असतील. घडलं ते मात्र जसं घडलं तसंच आहे.

माफी एवढ्याचीच. बाकी कशाची मागणार नाही. मागायची ती त्या रविवारी मागून झाली, नको तिथं आणि नको त्याची.

त्या रविवारी आम्ही घर बघायला गेलो होतो. मी, माझे मालक आणि थोरली मुलगी. इमारत अजून खड्ड्यातच होती, पण शेजारी जमिनीवर एक नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं. सॅम्पल फ्लॅट म्हणतात त्याला. असंच तुम्हाला मिळणार, म्हणून दाखवतात. दारात ऑफिसातली एक मुलगी लोकांच्या बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला देत होती. आमच्या चपला बघून तिनं पिशव्या पुढं केल्या नाहीत. "चपला बाहेर काढा," म्हणाली. काढल्या.

आतल्या खोलीत पलंग होता. वर पांढरी चादर, चार उशा. एका कोपऱ्यावर पर्सवाली एक बाई बसून फोनवर बोलत होती. आणि गादीच्या मधोमध मला खड्डा दिसला. टाका सैल झाला होता.

आम्ही पिंजारी. गाद्या भरणारे. गादीत खड्डा दिसला की आमच्या माणसाचा हात थांबत नाही. सुताराला जसं दार करकरलेलं सोसत नाही, तसंच. मी विचारच केला नाही. गुडघा टेकला, चादरीवरून कापूस चाचपला, गुठळी कुठं आहे ते बघायला जरा बसले.

"ए बाई! ऊठ. ऊठ आधी. ती बसायची गादी नाही."

मॅनेजर दारात उभा होता. तिशीचा असेल. सगळे त्याला सर म्हणत होते. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी उठले. पर्सवाली बसलेलीच होती. तिला तो काही बोलला नाही.

मग त्यानं त्या ऑफिसातल्या मुलीला हाक मारली. "चादर बदल. आत्ता."

आता पर्सवाली उठली, चादर ओढायची म्हणून. माझ्या पदराला कापूस असतो, नेहमीच असतो, त्यातला थोडा चादरीला लागला होता. तो बघून ती नाकाला रुमाल लावून हसली. ऑफिसातल्या मुलीनं जुनी चादर गोळा करून काखेत मारली, नवी पसरली, चारी कोपरे आत खोचले. माझ्याकडे बघितलं नाही. ती मला ओळखत होती. तिच्या आईची रजई मी भरलेली आहे.

माझे मालक पुढं झाले. हात जोडले. "चुकलं साहेब. तिला समजत न्हाई."

मीही म्हणाले, "चुकलं."

नवी चादर पांढरी शुभ्र होती. तिच्याखाली जी गादी होती ती मी भरलेली होती. दोन दिवस त्या गादीवर मी बसले होते, वाकले होते, काठीनं कापूस बडवला होता, दाभण बोटात घुसली तेव्हा रक्ताचा थेंब खोळीच्या आतल्या बाजूला पडला होता. चादर बदलली त्यांनी. गादी कशी बदलणार होते?

पण हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा आम्ही खाली मान घालून शेजारच्या ऑफिसात गेलो आणि टोकनचे एकावन्न हजार त्याच माणसाच्या हातात दिले. खुर्च्या दोन रिकाम्या होत्या. बसा कुणी म्हणालं नाही. मालकांनी उभ्यानंच नोटा मोजल्या.

याची लाज मला उठवल्यापेक्षा जास्त वाटते. उठवलं त्यांनी. पैसे दिले आम्ही.

माझं माहेर कवठे महांकाळकडचं. वडील खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी घेऊन गावोगाव फिरायचे. मी सांगलीत आले ती लग्न होऊन, या गल्लीत. बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या मागची गल्ली. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण वाचायला मराठीच येतं. उशीच्या खोळीत गुंडाळून आलेला पेपरचा तुकडासुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. बोलायचं मात्र मला कधी जमलं नाही. किराणावाल्याकडंसुद्धा मी चिठ्ठी पाठवते.

तेव्हा या गल्लीचं नाव कुणी घेत नव्हतं. रिक्षावाला मिलच्या कोपऱ्यावर सोडायचा, आत यायचा नाही. उघडं गटार, आणि नदी फुगली की तेच गटार घरात. एका पुरात आमचा अठ्ठावीस किलो कापूस भिजला. उन्हात घातला तर शेवाळ्याचा वास जाईना. तेव्हा आम्हाला कुणी म्हणालं नाही, तुम्ही इथं का राहता. इथंच तर राहणार, असंच सगळ्यांना वाटायचं.

मग भाग सुधारला. गटारावर फरशी आली. दिवे आले. मिलची जागा बिल्डरनं घेतली. पुढच्या बाजूला मोठी इमारत, मोठ्या लोकांची. मागच्या बाजूला लहान फ्लॅटांची, "परवडणारी घरं". सकाळी लोक पळायला येऊ लागले, जिथून पूर्वी नाक दाबून पळत होते तिथंच. कॉफीचं दुकान निघालं. एका कपात आमचा एका दिवसाचा भाजीपाला येतो.

मिलच्या उरलेल्या भिंतीवर त्यांनी चित्रं काढून घेतली. त्यात एक पिंजारी आहे. लाल फेटा, गालात हसू, आजूबाजूला कापूस ढगांसारखा उडतोय. मुलं त्याच्यापुढं उभी राहून फोटो काढतात. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर तोंडाला फडकं बांधून पिंजलं. हसायला तोंड मोकळंच नव्हतं. शेवटी खोकून गेले. पण भिंतीवरचा पिंजारी लोकांना आवडतो. तो खोली मागत नाही.

आमच्या पत्र्याच्या खोलीचं भाडं दीडपट झालं, मग दुप्पट. घरमालक म्हणाला, भाग सुधारलाय. म्हणजे भाग सुधारला, आम्ही सुधारलो नाही, असं त्याचं त्यानंच ठरवलं.

मग आम्ही ठरवलं की घर घ्यायचं. लहान तर लहान. कानातले विकले, भिशी उचलली, मालकांनी पुतण्याकडून थोडे आणले. बँकेनं कर्ज देऊ म्हटलं. थोरली बारावीला आहे. तिला आंघोळीला स्वतःची मोरी हवी होती, कडीवाली. एवढंच तिचं मागणं. माझं मागणं खिडकीजवळ शिलाई मशीन ठेवायचं. वीस वर्षं पत्र्याखालच्या अंधारात शिवलं. उजेडात शिवायचं होतं.

गाद्यांचं काम त्या रविवारच्या महिनाभर आधी आलं होतं. सॅम्पल फ्लॅट सजवणारी एक मॅडम पुण्याहून यायची. तिला म्हणे फोमची गादी नको होती. "कॉटनचीच हवी, देसी वाटलं पाहिजे." आता कापसाची गादी मोठ्या लोकांना हौसेची झालीय. तिनं माप कागदावर लिहून दिलं. आतल्या खोलीची साडेपाच फूट बाय चार. बाहेरच्या दिवाणाची पाच बाय दोन.

मी माप दोनदा वाचलं. डबल बेड सव्वासहा फूट बाय पाच असतो. मी विचारलं, "लहान मुलांचा पलंग आहे का?"

"मावशी, मापाप्रमाणे करा ना."

केलं. दोन्ही गाद्यांचे आणि चार उशांचे मिळून साडेआठ हजार दिले. मला काय, मापाप्रमाणे पैसे. मी गप्प बसले. गप्प बसायला मला कधीच कष्ट पडले नाहीत.

आणि तीच मी त्या रविवारी त्या खोलीत उभी राहून खिडकीकडं बघत होते. पलंगाच्या या अंगाला मशीन बसेल, त्या अंगाला थोरलीचं टेबल, असं मनात मांडत होते. माप माझ्या हातातून गेलं होतं, तरी मला दिसलं नाही. घराची आशा माणसाला इतकं आंधळं करते. स्वतः शिवलेलं खोटं स्वतःलाच खरं वाटतं.

टोकन देऊन दीड महिना झाला आणि ऑफिसातून बोलावणं आलं. मला वाटलं करारावर सह्या असतील. मी नवी साडी नेसले.

मॅनेजरनं आमचा फॉर्म समोर काढून ठेवला होता. "तुमचं जमत नाही हो," म्हणाला.

मालक म्हणाले, "बँकेनं मंजूर केलंय की साहेब. कागुद दावू का?"

"पैशाचा प्रश्न नाही. इथं कुटुंबं राहायला येणार."

"आमचं बी कुटुंबच हाय साहेब. पाच माणसं हाईत."

"तसं नाही. कापूस, धूळ, मशीनचा आवाज. आणि लोक विचारतात हो, शेजारी कोण आहे म्हणून. आम्हाला धंदा करायचाय." मग आवाज गोड करून म्हणाला, "तुमच्या लोकांसाठी ओढ्याच्या कडेला वेगळी स्कीम काढतोय आम्ही. स्वस्त पडेल. तिथं तुम्हाला बरं वाटेल."

तुमच्या लोकांसाठी. मी त्याच्या बोटाकडं बघत होते. फॉर्मवर आमचा धंदा खाली लिहिला होता आणि नाव वर. धूळ म्हणताना, आवाज म्हणताना, त्याचं बोट नावावर होतं.

मालकांनी विचारलं, "मग आमचं पैसं?"

"रद्द केलं की निम्मे कापले जातात. नियम आहे."

"आवं पण रद्द आमी कुटं केलं?"

"मग ओढ्याकडचं घ्या. त्यात वळते करून देतो. विचार करा."

ओढ्याकडची जागा आम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात तिथं पत्र्याच्या टोकाला पाणी लागतं. ज्यानं गटाराच्या कडेला दिवस काढले त्याला आता ओढ्याच्या कडेला न्यायचं. याला ते स्कीम म्हणतात.

घरी येताना मालक म्हणाले, "घेऊ या का त्येच? निम्मं पैसं बुडवून कसं चालंल?"

मी काही बोलले नाही. माझं न बोलणं म्हणजे त्यांनी हो धरलं. जन्मभर असंच धरलंय सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लग्नाची एक गादी भरत होते. सव्वासहा बाय पाच. खाली जमिनीवर पसरली होती. थोरली जवळच बिल्डरची रंगीत पुस्तिका चाळत बसली होती. सोडवत नव्हतं तिला ते घर. "अम्मी, बेडरूम नऊ बाय आठ," ती वाचत होती. "भिंतीतलं कपाट दोन फूट."

मी टेप घेतला. खडू घेतला. जमिनीवर नऊ बाय आठचा चौकोन आखला. कपाटाचे दोन फूट आखले. दार कुठं उघडतं तेही आखलं. मग आम्ही दोघींनी ती लग्नाची गादी ओढून त्या चौकोनात ठेवली.

कपाटाच्या आणि गादीच्या मधे एक फूट उरला. एका फुटात कपाटाचं दारसुद्धा उघडत नाही. पायथ्याला खोलीचं दार गादीला घासत होतं. मशीन नाही. टेबल नाही. एक माणूस अंग चोरून गेला तर जाईल, एवढीच वाट.

थोरली म्हणाली, "पण तिथं तर केवढी जागा होती."

मी तिला तो मापाचा कागद दाखवला. साडेपाच बाय चार.

तिनं एकदा कागद बघितला, एकदा खाली मांडलेली गादी. मग तिला समजलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मी हसले. खूप वर्षांनी मोठ्यानं हसले. बसायची गादी नाही ती! बरोबरच बोलला होता तो. ती बसायची नाही, झोपायची नाही, ती फक्त बघायची गादी. त्या सगळ्या घरात खरं असं एकच होतं, माझा कापूस. आणि तोही त्यांनी मापानं खोटा करून घेतला होता. असल्या पलंगावरून मला उठवलं. असल्या पलंगाची चादर माझ्यासाठी बदलली. ज्यांचा पलंग खोटा, त्यांना माझ्या पदराची घाण!

माझी भीती तिथंच गेली. ज्याची किळस आली त्याची भीती राहत नाही.

रविवारी मी निघाले तेव्हा मालकांनी अडवलं. "कुटं निगालीस? तू किराणावाल्याशी बोलत न्हाईस, तिथं काय बोलणार हाईस?"

"बोलायचं नाही मला. बसायचंय."

सॅम्पल फ्लॅटच्या पायरीजवळ, जिथं आमच्या चपला काढायला लावल्या होत्या तिथंच, रस्त्याच्या बाजूला बसले. मांडीवर उशीची खोळ, शेजारी कापसाची पिशवी. उशी भरायला लागले. बिल्डरच्या जागेत माझा पायसुद्धा नव्हता. वॉचमन दोनदा आला, बघून गेला. घर बघायला माणसं येऊ लागली. प्रत्येकाला मी एकच वाक्य म्हणायचं ठरवलं होतं. सगळा आठवडा घोकलं होतं, शाळेतल्या कवितेसारखं.

"आत पलंग आहे. त्यावर एकदा झोपून बघा."

पहिलं कुटुंब आलं. माझा आवाजच फुटला नाही. दुसरं आलं. बोलले, पण त्यांना ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांनी ऐकलं आणि वेडी समजून पुढं गेले. घाम आला होता. दाभण हातात घसरत होती. उठून घरी जावं असं दहादा वाटलं.

मग फलटणकडचे एक पेन्शनर आले. मिलिटरीतून रिटायर झालेले, सहा फुटांच्या वर उंची, पांढऱ्या मिशा. सांगलीत नोकरीला असलेल्या मुलासाठी घर बघत होते. बरोबर बायको.

मी वाक्य म्हटलं. ते थांबले.

"काय म्हणालासा?"

मी पुन्हा म्हटलं.

"आवं बाई, घर घ्याया आलोय, झोपाया न्हाई," म्हणाले आणि हसत आत गेले. थोड्या वेळानं आतून मॅनेजरचा आवाज आला. "सर, नका सर, सॅम्पल आहे ते."

"सॅम्पल हाय म्हणूनच बघतोय की. म्हस घेताना सड बघतोच का न्हाई आपुन?"

मग ते गडगडून हसले. खिडकीतून मला दिसत होतं. ते आडवे झाले होते आणि त्यांचे पाय नडगीपासून पलंगाबाहेर लोंबत होते.

"आरं गड्या, ह्यो पलंग हाय का पाळणा?"

"आवं उठा," बायको म्हणत होती, "मोजं फाटल्यालं दिसत्यात. लोकं बघत्यात."

"बघू देत की. उद्या त्येंचंच पाय असं लोंबायचं हाईत हितं."

ते उठले आणि वीत टाकून पलंग मोजू लागले. मग भिंत मोजली. खोलीतली बाकीची माणसंही भिंतींकडं बघायला लागली. पेन्शनर बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले.

"तुमाला कसं म्हाईत?"

"गादी मी भरली."

"मग आदी का न्हाई सांगितलं कुणाला?"

मी मान खाली घातली. त्यांनी टोमणा मारला नव्हता, सरळ विचारलं होतं. म्हणून जास्त लागलं. मॅनेजरचं 'ऊठ' अंगावर आलं होतं. हे आत गेलं. मी गप्प बसले म्हणून तो पलंग खरा झाला होता. मी मापाप्रमाणे शिवलं, सुतारानं मापाप्रमाणे ठोकलं, त्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे चादर बदलली. आम्हा सगळ्यांच्या गप्प बसण्यावर ते घर उभं होतं. सिमेंट त्यांचं नव्हतंच. आमचंच होतं.

"चुकलं," मी म्हटलं. त्या सगळ्यात हे एकच 'चुकलं' खरं होतं.

"हां," ते म्हणाले. "आता सांगतायसा न्हवं? सांगत ऱ्हावा."

पुढचे तीन रविवार मी बसले. आवाज फुटायला लागला. लोक घरून टेप घेऊन यायला लागले. काही जण पलंगावर झोपून फोटो काढायचे, पाय बाहेर काढून, आणि एकमेकांना पाठवायचे. मॅनेजरनं दारावर कागद लावला, पलंगावर झोपू नये. त्यानं तर जास्तच माणसं झोपायला लागली.

चौथ्या रविवारी मॅनेजर स्वतः पायरी उतरून आला. "मावशी, उन्हात कशाला बसलाय? आत या. चहा घ्या."

ए बाई होते. चार रविवारांत मावशी झाले.

मालकांना बोलावून घेतलं. आज दोघांना खुर्च्या. पंखा आमच्याकडं वळवला. चहा कपबशीतून.

"तुम्हाला फ्लॅट देतो," तो म्हणाला. "दुसरा मजला, खिडकी रस्त्याकडं. त्याच भावात. फक्त रविवारचं हे बंद करायचं."

मालकांनी कप खाली ठेवला. "आन् ते कुटुंबं म्हणत हुतासा?"

"ते आम्ही बघू. दारावर नावाची पाटी तेवढी लावू नका. नुसता नंबर लावा. उगाच कशाला कुणाच्या डोळ्यावर?"

मालक माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळत होतं. घर होतं. माझ्याही डोळ्यांत होतं, खोटं कशाला लिहू? खिडकी दिसली. कडीवाली मोरी दिसली. एक शब्द बोलायचा होता, हो. तो शब्द तर मी जन्मभर न बोलतासुद्धा देत आले होते.

पण तीच ती खोली. कपाटाचं दार न उघडणारी. आणि वरून दारावर नाव नको आणि तोंडाला टाका. म्हणजे मलाच साडेपाच फुटांची करायचं आणि त्या पलंगावर घालायचं, कुणी आलं की दाखवायला.

"नको," मी म्हटलं.

मॅनेजरला वाटलं मी भाव वाढवतेय. "मग काय पाहिजे? बोला ना."

"एकावन्न हजार. सगळे."

"आणि?"

"आणि काही नाही."

त्याला कळेना. या लोकांना हे कळतच नाही. कुणी फक्त आपलं तेवढंच मागतं, हे त्यांच्या हिशोबात बसत नाही. तो बराच वेळ माझ्याकडं बघत होता, माझ्यात कुठं चोरकप्पा आहे का म्हणून.

घर अजून झालेलं नाही. पत्र्याच्या खोलीतच आहोत, भाडं पुन्हा वाढलंय. मालक अधूनमधून म्हणतात, घेतलं असतं तर. थोरली म्हणत नाही. तिनं त्या खडूच्या चौकोनात स्वतः उभं राहून बघितलं आहे.

पण मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत आणि त्या मोडणार नाही. घर घेणार, आणि याच भागात घेणार. हा भाग सुधारला तो आमच्या पाठीवर. ओढ्याकडं मी जाणार नाही. टेप घेऊन जाईन, दारावर पाटी लावीन, पूर्ण नावाची, लांबून वाचता येईल एवढी. जो फक्त किंमत सांगेल आणि नाव विचारणार नाही त्याच्याकडून घेईन. तो भेटेपर्यंत पत्रा बरा.

दुसरी गोष्ट गादीची. आता कुणाचीही गादी पोचवली की मी आधी त्यावर बसते. गिऱ्हाइकासमोर. पूर्ण भार टाकून, पाय वर घेऊन. मग पैसे घेते. परवा गावातल्या एका बंगल्यात बाईंनी तोंड वाकडं केलं. मी गादी गुंडाळली आणि परत आणली. तेवढं गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे. ज्यांना माझी गादी हवी आणि मी नको, त्यांनी फरशीवर झोपावं.

शेवटचं राहिलं ते लिहून थांबते.

शेवटी ते सगळे पैसे द्यायला कबूल झाले, शुक्रवारी न्या म्हणाले होते. मी म्हटलं, रविवारी येऊ. सॅम्पल फ्लॅटमध्ये माणसं असतील तेव्हा. आम्ही तिघं गेलो. मॅनेजरनं एकावन्न हजार टेबलावर ठेवले. मालकांनी खुर्चीवर बसून मोजले. पुरे होते. मालकांनी बंडल पिशवीत घातलं आणि उठायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. पिशवीतून साडेआठ हजार काढले आणि टेबलावर ठेवले.

"हे कसले?" मॅनेजर म्हणाला.

"गाद्यांचे. तुम्ही दिलेले. गाद्या नेतेय मी."

"अहो पण... त्या विकल्यात तुम्ही."

"परत घेतेय. पूर्ण पैसे देऊन. निम्मे कापत नाही."

आम्ही सॅम्पल फ्लॅटमध्ये गेलो. चपला घालून. आतल्या खोलीत चार-पाच माणसं होती. ती ऑफिसातली मुलगी पुढं आली, मला वाटलं अडवणार. तिनं वाकून स्वतःच चादर काढली आणि बाजूला झाली. मी आणि थोरलीनं गादी उचलली. खाली पलंग नव्हताच. चार कोपऱ्यांना विटा रचून वर प्लायवूडची फळी, तिच्यावर सुतारानं पेन्सिलीनं केलेला हिशोब आणि चुन्याचे डाग. मालकांनी दिवाणाची गादी आणि उशा काखेत घेतल्या. या वेळी ते कुणाला चुकलं म्हणाले नाहीत.

दारात मॅनेजर ते साडेआठ हजार हातात धरून उभा होता. वाट अडवून नाही, नुसताच.

"मोजा," मी म्हटलं.

"असू द्या."

"मोजा. आम्ही मोजले होते."

माणसं बघत होती. त्यानं मोजले. उभ्यानं, एकेक नोट. पूर्ण भरले.